एक काना कमी

नकाशांचं कपाट दारात अडकलं तेव्हा उद्घाटनाला अडीच तास उरले होते. आतून काकू म्हणवून घेणारा मुलगा ढकलत होता, बाहेरून उद्या नावाची मुलगी ओढत होती, आणि वकीलबाई खुर्चीवर उभी राहून दोघांनाही सूचना देत होती. तिरकं करा, नको सरळच करा, आधी खण काढा. खण केव्हाच काढून झाले होते. शेवटी चाव्या सांभाळणारे मामा जिना चढून वर आले. त्यांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि दाराची एक झडप बिजागरीतून उचलून भिंतीला टेकवली. कपाट सुळकन बाहेर आलं. एवढी शिकलेली मुलं, मामा म्हणाले, आणि दार निघतं हे एकालाही ठाऊक नाही.

"खोली मिळवायलाच दोन वर्षं गेली, मामा," वकीलबाई म्हणाली. "दार काढायची हिंमत कुठून आणायची?"

खोली क्रमांक सदतीस, ग्रंथालयाचा तिसरा मजला. भूगोल विभागाचे जुने नकाशे तिथे गुंडाळून पडलेले असत. ते संगणकात गेले, खोली रिकामी झाली, आणि विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या वकीलबाईने तिच्यावर डोळा ठेवला. एकोणीस अर्ज केले तिने. विसाव्याला होकार आला, की क्वीअर विद्यार्थी मदतगटास सदर खोली देण्यात येत आहे. पत्र हातात धरून ती सगळं आवार धावत फिरली होती, पण हे तिच्यासमोर काढलं तर ती साफ नाकारायची.

तोवर गट कँटीनमागच्या सात पायऱ्यांवर भरायचा. मुलांवर जीव जडलेली मुलं, मुलींवर जीव जडलेल्या मुली, जन्मदाखल्याशी ज्यांचं पटत नाही असे, आणि 'माझं अजून ठरायचंय' म्हणणारे, सगळे त्याच पायऱ्यांवर. कुणाचं नुकतंच मोडलेलं असायचं, कुणाला रूममेटने छळलेलं असायचं, कुणाला नुसता चहा हवा असायचा. ऊन सरकलं की गट सरकायचा. रडायचं असलं तर खालच्या पायरीवर जावं लागे, कारण वरच्या तीन पायऱ्या कँटीनच्या खिडकीतून दिसत. आता भिंती मिळाल्या होत्या. पुस्तकांचं एक शेल्फ, रोज तीन ते सहा कुणीतरी ऐकायला बसलेलं, पाणी तापवायची किटली, आणि रडायला चार चार कोपरे. सकाळपासून कुणाचाही पाय जमिनीवर ठरत नव्हता.

दारावर काय लिहायचं यावर तीन आठवडे वाद झाला होता. 'स्वागत' फार सरकारी वाटलं. 'सुस्वागतम' लिहिलं तर लोक आत येऊन वधूवर शोधतील, असं काकूचं मत पडलं. अखेर उद्याने सुचवलं ते सगळ्यांना पटलं आणि तिनेच निळ्या रंगात पाटी रंगवली: 'आलात? बरं झालं.'

मामांनी पाटी दोनदा वाचली. प्रश्नही तुमचा आणि उत्तरही तुमचंच, मग येणाऱ्याने करायचं काय, असं त्यांनी विचारलं.

"यायचं," उद्या म्हणाली.

'आलात' हा शब्द तिने उगाच निवडला नव्हता. 'आलास' म्हटलं की मुलगा आणि 'आलीस' म्हटलं की मुलगी. म्हणजे माणूस दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच त्याला एका रांगेत उभं करायचं. 'आलात' म्हटलं की सगळे मावतात. असले शब्द हुडकण्यात उद्याचा हात धरणारं कुणी विद्यापीठात नव्हतं, कारण तिचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं होतं.

ती पहिल्या वर्षाला आली तेव्हा दाखल्यावर मुलगा होती, वसतिगृहाच्या यादीत मुलगा होती आणि घरीही मुलगाच होती. 'मी आलो' म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि 'मी आले' म्हणायची छाती नव्हती. मग तिने पळवाट काढली. भविष्यकाळात काही अडत नाही. मी येईन, मी जाईन, मी करीन. भूतकाळात 'मी वाचलं', 'मी खाल्लं' चालून जातं. 'मी दमले' म्हणण्याऐवजी 'दमायला झालं' म्हणता येतं आणि 'मी जाते' म्हणण्याऐवजी 'मला जायचंय'. पायऱ्यांवर पहिले दोन महिने ती असंच बोलली. चहा घेणार का विचारलं तरी 'घेईन', नाव विचारलं तर 'सांगेन'. एकदा काकू वैतागून म्हणाला, हिचं बाई सगळं उद्याच. विद्या, संध्या, तशी ही उद्या. सगळे हसले. ती मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वर्तमानकाळात बोलली. 'घेते मी,' ती म्हणाली. नाव की चहा, हे कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून गटात ती ऐटीत येते, जाते आणि करते. आईचा फोन रोज सहाला येतो, त्यावर मात्र अजून येईन, जाईन, करीन. आज सहा वाजता ते संपवायचं होतं.

आजच, कारण काल एक घोटाळा झाला होता. विद्यापीठाच्या मासिक पत्रिकेने खोलीसाठी एक पान दिलं होतं. सात जणांनी आपापल्या हाताने चार चार ओळी लिहून दिल्या. उद्याने लिहिलं, खाली 'उद्या' एवढीच सही केली आणि निर्धास्त झाली. ऑफिसात टाईप होईल, मग कुणाला कळतंय. काल चहा पिताना वकीलबाई सहज बोलून गेली, की टाईप वगैरे काही नाही, कागद आहेत तसे छापखान्यात गेले, शुक्रवारी प्रूफ निघेल. तिथे प्रुफं वाचणाऱ्या एक बाई आहेत म्हणे, भारी कडक. हाताने लिहिलेली मूळ प्रत शेजारी असल्याशिवाय पानाला हात लावत नाहीत.

"कुठला छापखाना?" उद्याने विचारलं.

वकीलबाईने नाव सांगितलं. उद्याने कप खाली ठेवला.

"त्या बाई म्हणजे माझी आई," ती म्हणाली.

आई बसने पाच तासांवरच्या शहरात राहायची. सव्वीस वर्षं ती प्रुफं वाचत होती. वडील गेले तेव्हा उद्या सहावीत होती, आणि घरात तेव्हापासून दोघीच. शाळेतून आलं की उद्या छापखान्यात आईच्या टेबलाशेजारी बसायची. एका बाजूला मूळ प्रत, एका बाजूला प्रूफ, आणि मधे आईची पेन्सिल. ऱ्हस्वदीर्घ आई धडाधड सुधारायची. पण सुधारलं तर अर्थ बदलेल अशी जागा आली की तिचा हात थांबायचा. ती समासात एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढायची आणि पान बाजूला ठेवायची. वाक्य ज्याचं त्याचं असतं, ती म्हणायची. आपण विचारायचं, ठरवायचं त्याने. आपल्या लेकराचं अक्षर ती झोपेतही ओळखेल, यात उद्याला तिळमात्र शंका नव्हती. शुक्रवारी अक्षरावरून कळण्यापेक्षा गुरुवारी तोंडून कळलेलं बरं. आणि आज गुरुवार होता.

"तीन वाजले," काकू आतून म्हणाला. "ये. तालीम करून घेऊ."

तालीम ही गटातली जुनी रीत. घरी सांगायचं असलं की आधी काकूसमोर सांगायचं. काकू म्हणजे यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा सहा फुटी, दाढीवाला गडी. पण खांद्यावर नॅपकिन टाकला की तो कुणाचीही आई व्हायचा. आजवर त्याने अकरा आया, चार वडील आणि एक फौजेतला मोठा भाऊ केला होता. आई रागावली की आवाज चढतो की उतरतो, रडते की भांडी आपटते, सगळी चौकशी तो आधी करून घ्यायचा. त्याने केलेली आई इतकी खरी असे की एक मुलगी नंतर आठवडाभर त्याच्याशी नजर चुकवून बोलत होती. स्वतःच्या आईपुढे बोलायची तालीम मात्र त्याने अजून केली नव्हती. ती कुणापुढे करायची, हा प्रश्नच होता.

दोघं रिकाम्या खोलीत जमिनीवर समोरासमोर बसली. काकूने नॅपकिन खांद्यावर टाकला आणि बंद फोन कानाला लावला.

"हॅलो. काय रे, जेवलास का?"

"आई असं नाही म्हणत."

"मग काय म्हणते?"

"'जेवण झालं का?' म्हणते."

काकूने नकाशाच्या एका फाटक्या वेष्टनावर ते टिपून घेतलं. तो असल्या बारकाव्यांना फार जपायचा.

"जेवण झालं का? आणि कसा आहेस?"

"'कसा आहेस' नाही. 'बरं आहे ना सगळं?'"

"आज कॉलेजला गेला होतास?"

"'कॉलेज झालं का?'"

"सुट्टीत येतोस ना घरी?"

"'सुट्टीत येणं होईल ना?' असं." उद्याला हसू आलं. "अरे, माझी आई प्रुफं वाचते. ती जरा छापील बोलते."

काकू हसला नाही. लिहिता लिहिता त्याचा वेग कमी झाला होता. हाक काय मारते, त्याने विचारलं, राजा, सोन्या, बाळ्या?

"आधी राजा म्हणायची. आता लेकरा म्हणते. 'ऐक ना, लेकरा', 'ठेवू का मग, लेकरा'."

"आधी म्हणजे कधीपर्यंत?"

उद्याने आठवून पाहिलं. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत, दिवाणखान्यात सोफ्यावर आडवं पडून ती 'उठेन, मग जाईन' करत होती, तेव्हा आई अजून राजा म्हणत होती. सुट्टी संपताना म्हणत नव्हती.

"दोनेक वर्षं झाली," ती म्हणाली.

काकूने खांद्यावरचा नॅपकिन काढून मांडीवर ठेवला. तालीम अर्धवट टाकून त्याने नॅपकिन काढल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला.

"मोठ्याने वाच."

उद्याने वाचलं. जेवण झालं का. बरं आहे ना सगळं. कॉलेज झालं का. सुट्टीत येणं होईल ना. ऐक ना, लेकरा. ठेवू का मग, लेकरा.

"आता सांग," काकू म्हणाला, "ही बाई मुलाशी बोलतेय की मुलीशी?"

उद्याने कागद पुन्हा वाचला. मग तो उलटा केला, जणू मागच्या बाजूला आणखी काही असेल. जेवण होत होतं, कॉलेज होत होतं, येणं होत होतं. एकाही वाक्यात माणूस जेवत नव्हता की येत नव्हता. ही सगळी तिचीच युक्ती होती. तिने एकटीने शोधलेली, एकटीने घासूनपुसून वापरलेली. दोन वर्षं ती फोनवर स्वतःचा एकेक शब्द डोळ्यांत तेल घालून तपासत होती, आणि पलीकडून येणारा एकही शब्द तिने ऐकला नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"घरात तू एकटीच हुशार, असं वाटलं होतं तुला," काकू म्हणाला.

उद्याला एकदम इतका आनंद झाला की ती उठून उभीच राहिली. खिडकीपर्यंत गेली, परत आली. आईला माहीत होतं. आईला माहीत होतं आणि तरी फोन रोज सहाला येत होता. आणि खोलीच्या मधोमध आल्यावर ती थबकली. "माहीत होतं, तर बोलली का नाही?" ती मोठ्याने म्हणाली.

"तू का नाही बोललीस?" काकूने विचारलं.

"माझं वेगळं."

"ते कसं काय?"

ती परत खाली बसली. गप्प बसायलाही दोन कारणं असतात. आईला 'आलीस' म्हणवत नसेल आणि 'आलास' म्हणून दुखवायचं नसेल, म्हणून ती मधल्यामधे उभी असेल. तसं असलं तर आज तिला एका बाजूला ढकलणारी उद्याच ठरणार होती. अशी मधे तरी ती रोज सहाला भेटत होती.

"माझी आई अजून मुलींचे फोटो पाठवते," काकू म्हणाला. "खाली उंची, शिक्षण, सगळं. तुझी आई दोन वर्षं जीभ सांभाळतेय. कशासाठी ते मला नाही माहीत. पण त्याला कष्ट पडतात बाई. नावडत्या माणसासाठी कुणी एवढं करत नाही."

मग पुढची तालीम झालीच नाही. वकीलबाई खुर्च्या घेऊन आली, आणि खुर्च्यांपाठोपाठ पुस्तकं आली, पुस्तकांपाठोपाठ हवा भरायचे फुगे आले, आणि फुगे कुणी मागवले यावर नवा वाद झाला. उद्याने जमीन पुसली, शेल्फ लावलं, पुसलेली जमीन परत पुसली. सकाळपासून जेवायचं राहूनच गेलंय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

पंचवीस माणसं येतील असा अंदाज होता. पाच वाजता जिना खालपर्यंत भरला होता. कुणी साठ मोजले, कुणी सत्तर. पायऱ्यांवर कधीच न आलेले लोक होते, दुरून बघून जाणारे होते, आपल्या मैत्रिणीला हाताला धरून आणणाऱ्या मुली होत्या. भूगोलाचे सर आले, त्यांनी आपल्या जुन्या खोलीकडे बघून हळहळ आणि टाळ्या दोन्ही एकदम केलं. कँटीनच्या बाई मोठा थर्मास घेऊन तीन मजले चढून आल्या. वकीलबाई आभार मानायला लागली तर त्यांनी तिला थांबवलं. वरच्या तीन पायऱ्या खिडकीतून दिसतात, त्या म्हणाल्या, पण तुमच्यापैकी कुणी रडत असलं की मी पलीकडे तोंड करून भांडी घासायचे. दोन वर्षांत माझी भांडी फार लख्ख झाली बघा.

एकोणीस अर्ज फेटाळले गेले तेव्हा जिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती वकीलबाई आत जाऊन एका कोपऱ्यात तोंड करून उभी राहिली. नवा कोपरा वापरात आला, काकूने सगळ्यांना जाहीर केलं.

फीत नव्हती. मामांनी भिंतीला टेकवलेली झडप उचलून परत बिजागरीत बसवली, दार एकदा बंद केलं, एकदा उघडलं, आणि 'आता या' म्हणाले. हेच उद्घाटन. टाळ्या इतक्या झाल्या की खालच्या मजल्यावरच्या वाचनकक्षातून कुणीतरी वर गप्प बसवायला आलं आणि चहा घेऊन इथेच थांबलं. उद्या दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'आलात? बरं झालं' म्हणत होती. पन्नासाव्या वेळीही तिला ते म्हणताना तितकंच हसू येत होतं.

पाच वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन वाजला. आई. चाळीस मिनिटं आधी.

आई कधी एक मिनिट आधी फोन करायची नाही. उद्याने दाराची जागा काकूला दिली. ती जिन्याच्या वळणावर गेली, जिथे नकाशांचं रिकामं कपाट भिंतीला लावून ठेवलं होतं, आणि त्याच्या आडोशाला उभी राहिली.

"आई?"

"बोलायला वेळ आहे का? कामाचं आहे."

हा आईचा टेबलावरचा आवाज होता. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"आहे. बोल ना."

"विद्यापीठाचं पान आलंय. शुक्रवारचं आजच आलं. पान चार, तिसरा मजकूर. खाली सही 'उद्या'."

उद्याने कपाटाला हात टेकला. सहाला म्हणायचं वाक्य तिने सकाळपासून पाठ केलं होतं. त्यातला पहिला शब्दही आता आठवेना.

"वाचते," आई म्हणाली, आणि तिने प्रुफं मोठ्याने वाचताना वाचायची तसं, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "'मी पहिल्यांदा आलो, तेव्हा दहा मिनिटं खालच्या पायरीशी उभी राहिले.' आलो, आणि उभी राहिले. एका वाक्यात दोन माणसं आहेत का?"

वरून कुणाच्या तरी हसण्याचा मोठा आवाज आला.

"मूळ प्रत समोर आहे. प्रतीत निळ्या शाईने 'आले' आहे. त्याला लाल शाईने काना दिलाय. शाई वेगळी, हात वेगळा. ऑफिसात कुणीतरी 'उद्या' म्हणजे कोण ते रजिस्टरात बघून सुधारणा केली असणार, आणि पुढचं वाक्य वाचायचा कंटाळा केला. 'ध'चा 'मा' ऐकला होता. 'ले'चा 'लो' सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय."

"आई..."

"थांब. मी कुणाचं वाक्य त्याला विचारल्याशिवाय बदलत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"म्हणून लेखकाला विचारतेय." पलीकडे एक यंत्र बंद पडलं, आणि आईचा आवाज एकदम जवळ आला. "काना ठेवू की काढू?"

केवढासा तो काना. एक उभी रेघ. उद्याच्या डोळ्यांपुढे आईची पेन्सिल आली, टोक कागदापासून जरासं वर धरलेली. ती पेन्सिल तशीच किती वेळ थांबू शकते हे तिने लहानपणी पाहिलं होतं.

"काढ," ती म्हणाली.

"काढला."

इतकंच. उद्याच्या गालांवरून पाणी चाललं होतं, आणि तिला जोरात हसावंसंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नव्हतं.

"दोन वर्षं समासात प्रश्नचिन्ह आहे," आई म्हणाली. टेबलावरचा आवाज संपला होता. हा घरचा होता. "कितीदा वाटलं विचारावं. पण मजकूरच हाती आला नाही, तर विचारायचं कशाच्या आधारावर?"

"मी आज सहाला सांगणार होते."

"होते," आई हळूच म्हणाली. शब्द बरोबर पडलाय का ते कानाने पाहून घ्यावं, तशी. मग तिने घसा साफ केला.

"लेकरा," ती म्हणाली, आणि अडली. सवयीने ओठांवर आलेलं वाक्य तिने परत आत घेतलं असावं. तेवढ्या वेळात वर काकूने कुणालातरी 'आलात?' विचारल्याचं उद्याला स्पष्ट ऐकू आलं.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

सकाळपासून उद्याच्या पोटात दोन कप चहाशिवाय काही गेलं नव्हतं. 'नाही अजून' म्हणता आलं असतं. ते खरंही होतं, आणि दोन वर्षं तिने असलीच उत्तरं दिली होती.

"जेवले," ती म्हणाली.